पाहुणी, सून आणि वाढलेलं डिझेल

कातळबंदरच्या मच्छीमार सोसायटीत, वायरलेसच्या खोलीत, माझ्याबरोबर आजवर दोघींनी नोकरी केली. पहिली पाहुणी, दुसरी सून. दोघीही यंत्रं. ही नावं बंदरावरच्या बायकांनी ठेवली, आणि नावं ठेवण्यात आमच्या बायकांचा हात कोणी धरणार नाही. सरकारी कागदावर दोघींचं नाव एकच आहे, 'अर्थवाहक'. तो शब्द उच्चारताना मी फक्त साहेब लोकांना पाहिलंय.

या दोघींना आमची भाषा शिकवणारी माणसंही दोनच. एक परदेशी बाई आणि एक अकोल्याचा साहेब. त्यांची एकमेकांशी कधी गाठ पडली नाही. पडली असती तर कडाकडा भांडले असते, कारण तिने बसवलेलं उपटून फेकायला सरकारने त्याला पाठवलं होतं. माझ्या घरावर मात्र दोघांचेही उपकार आहेत, आणि ते बोलून दाखवल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आधी अर्थवाहक म्हणजे काय ते सांगते. मला कळलंय, म्हणजे कोणालाही कळेल.

जुना वायरलेस बोट थोडी लांब गेली की मुका व्हायचा. उपग्रहाचे फोन आमच्या लोकांना परवडत नव्हते. लांबच्या बोटीवरून किनाऱ्याला जी लहर पोचते ती इतकी क्षीण असते की माणसाचा आख्खा आवाज तिच्यावर चढवला तर ती वाटेतच बसते. म्हणून अर्थवाहक आवाज पाठवतच नाही. बोटीवरचा डबा तांडेलाचं, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याचं, वाक्य ऐकतो आणि त्याचा अर्थ काढतो. कोण बोललं, कशाबद्दल, काय झालं, किती घाईचं आहे. तेवढेच मोजके आकडे, सोबत बोटीची जागा, लहरीवर बसतात आणि सुखाने पोचतात. आमच्या खोलीतला डबा त्या आकड्यांवरून नवं वाक्य जुळवतो आणि ते तांडेलाच्याच आवाजात बोलतो, कारण त्याचा आवाज त्याने आधीच शिकून ठेवलेला असतो.

म्हणजे मला वाटतं बाबा बोलले. खरं तर बाबांचं म्हणणं यंत्राला जेवढं कळलं, तेवढंच माझ्या कानावर येतं.

पाहुणी आली तेव्हा हे ऐकून आमची माणसं हबकली होती. पण पहिल्याच हंगामात, खोल समुद्रातून, कालपर्यंत जिथून नुसती खरखर यायची तिथून बाबांचा आवाज आला, "काय गो बाय, जेवलीस काय?" आणि मी चक्क रडले. माझे बाबा म्हणजे हरेश्वर तांडेल, 'सोनसाखळी' बोटीचे. तुफान असो की जाळं भरलेलं असो, त्यांचं बोलणं या प्रश्नाशिवाय सुरू होत नाही किंवा संपत नाही.

पाहुणी ज्या कंपनीची, तिचं आणि तिच्या देशाचं नाव मी लिहीत नाही. आमच्याकडे त्यांना 'तिकडचे' म्हणत. तिकडचेच व्यापारी आमचं माकूळ, म्हणजे स्क्विड, बर्फात घालून घेऊन जायचे. यंत्राबरोबर एक इंजिनिअर बाई आली, इल्मा. चार दिवसांत बंदरावर तिची उर्मिला झाली. तिचं काम पाहुणीला आमची बोली शिकवणं, आणि त्यासाठी ती खुर्चीत न बसता माझ्या आईबरोबर सुकटीच्या वाळवणावर उन्हात बसायची.

एकदा माशाची पाटी उचलताना आईची बांगडी फुटली. आई म्हणाली, "बांगडी वाढली गो." इल्मा आईच्या हाताकडे बघत राहिली. मग बांगड्या मोजायला लागली. एक कमी झाली होती आणि आई म्हणत होती वाढली. बायका हसून हसून लोळल्या.

मग मी तिला समजावलं. आपल्यात काही गोष्टी संपल्या, फुटल्या म्हणायच्या नसतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. घरातले तांदूळ संपत नाहीत, वाढतात. आणि जुन्या तांडेलांच्या बोटीवर तर 'संपलं' हा शब्दच वर्ज्य. बर्फ वाढतो, पाणी वाढतं, डिझेल वाढतं.

इल्माचं हसू मावळलं. "मग माझं यंत्र चुकणार," ती तिच्या तुटक मराठीत म्हणाली.

दोन दिवस ती पाहुणीसमोर डोकं खाजवत बसली. नंतर तिने पाहुणीला एक रीत लावून दिली. एखाद्या शब्दाचे दोन उलटे अर्थ निघत असतील तर पाहुणीने आपलं शहाणपण चालवायचं नाही. बोलणाऱ्याचा मूळ शब्द, त्याच्या खऱ्या आवाजात, फाटका-तुटका कसाही येवो, तोच ऐकवायचा. "मला कळत नाही तिथे मी मध्ये येत नाही," असं ती पाहुणीच्या वतीने म्हणायची. एक शब्दच पाठवायचा म्हटल्यावर लहरीलाही तो झेपायचा.

पाच वर्षं पाहुणी आमच्यात राहिली आणि घरचीच झाली. मग उमाळे साहेब आले.

प्रफुल्ल उमाळे, दूरसंचार खात्याचे इंजिनिअर. उंच, किडकिडीत, शर्टाची बाही कायम कोपराच्या वर. आल्या आल्या म्हणाले, "मॅडम, हे मशीन बंद करा. आज उतरवायचं आहे."

"चालत्या गाडीला खीळ का घालताय?" मी विचारलं. मला राग लवकर येतो, आणि तो चेहऱ्यावर दिसतो हेही मला माहीत आहे.

"परदेशी अर्थवाहक किनाऱ्यावर ठेवायचं नाही, असं धोरण आलं आहे."

"धोरण दिल्लीत बसून येतं. बोटी इथून जातात."

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. "हे बघा, पूर्वी कोणी चोरून ऐकायचं तर आवाज चोरायचा. मग तो ऐकायला माणूस बसवा, त्याला भाषा यायला पाहिजे, सतरा भानगडी. या मशीनमध्ये आवाज नाही, अर्थ आहे. तुमच्या सगळ्या बोटी दिवसभर काय बोलल्या ते चाळून, निवडून, तयार. आणि मशीनला शिकवायचं म्हणून तो साठा रोज तिकडे जातो."

"त्यात असतं काय? बांगडा कुठे आणि सुरमई कुठे."

"आणि नौदलाची बोट कुठे दिसली, कुठे वळली? तुमचे तांडेलच सांगतात नं एकमेकांना?"

तरी मी हटले नाही. "कोण आमच्या गप्पांतून नौदल शोधत बसणार?"

"मग दुसरं सांगतो," ते म्हणाले. "बोट धक्क्याला लागायच्या आधी तिकडच्या व्यापाऱ्याला कसं कळायचं की आज माकूळ भरपूर आलं आहे?"

माझ्या डोळ्यांसमोरून सगळे लिलाव गेले. ज्या दिवशी बोटी भरून यायच्या त्या दिवशी त्यांचा माणूस धक्क्यावर उशिरा, डुलत डुलत यायचा आणि भाव पाडून मागायचा. माल कमी असेल त्या दिवशी मात्र पहाटेपासून हजर. आम्ही म्हणायचो, याला नाक आहे. त्याला नाक नव्हतं. त्याच्याकडे आमची पाहुणी होती.

"अर्थाचे दोन अर्थ आहेत मॅडम," उमाळे म्हणाले. "एक शब्दातला, एक खिशातला. हे मशीन दोन्ही नेऊन राहिलं होतं."

मी स्वतः उठले आणि बटण बंद केलं.

इल्माला आठवड्याभरात देश सोडायला सांगितलं होतं. ती निरोप घ्यायला आमच्या घरी आली तेव्हा मी तिला सरळ विचारलं, तुला हे माहीत होतं का. "माहीत नव्हतं," ती म्हणाली. "पण साठा कुठे जातो हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही." तिने सारवासारव केली नाही, म्हणून मला तिच्यावर नीट रागावताही येईना.

दारातून ती म्हणाली, "जाते."

आई चुलीपासून उठली. "जाते म्हणू नये गो. येते म्हण."

"पण मला परत येऊ देणार नाहीत."

"नसतील देत. तरी येते म्हण."

"येते," इल्मा म्हणाली, आणि गेली.

सून आली ती बंगळुरात घडलेली आणि पुण्यात शिकलेली. अगदी आपल्या देशाची. तिचा साठा इथल्या इथेच राहणार होता. दिसायला पाहुणीपेक्षा सुबक, वीज कमी खाणारी, आणि बोटीची जागा तर अशी अचूक सांगायची की नकाशावर नेमकं बोट ठेवावं. फक्त मराठी बातम्या आणि पाठ्यपुस्तकं ऐकून शिकलेली. बोलायची ती शाळेतल्या बाईंसारखं.

पहिल्याच दिवशी बाबांनी बंदराबाहेर पडताना डब्यात सांगितलं, "येतो गो बाय." आणि खोलीत बाबांच्याच आवाजात घुमलं, "रेश्मा, मी जात आहे."

आई माझा जेवणाचा डबा द्यायला आली होती.  यंत्राचा खुलासा मी करेपर्यंत तिने सुनेचा उद्धार सुरू केला होता. "जातो काय म्हणते? हिला कोणी रीतभात शिकवली हाय का नाय? समुद्रावर निघालेल्या माणसाच्या तोंडात असा शब्द घालते!"

उमाळे साहेब हंगामभर चाचणीसाठी बंदरावरच राहिले होते. ते शेजारच्या खोलीतून धावत आले आणि आईसमोर असे उभे राहिले की जणू ते वाक्य त्यांनीच उच्चारलं होतं. "काकू, तिचं तरी काय चुकलं? तिने अर्थ बरोबर काढला, माणूस निघालाय म्हणून. रीत तिला माहीत नाही."

"मग शिकवा," आई म्हणाली.

त्यांनी त्याच दिवशी 'येतो' शिकवलं. आम्हाला वाटलं, झालं. 'वाढलं' चा प्रश्नच आला नाही, कारण हल्लीचे तरणे तांडेल सरळ 'संपलं' म्हणतात, आणि जुन्यांपैकी कोणाचं तोवर काही वाढलं नव्हतं.

तिकडे देशादेशांतलं भांडण आमच्या धक्क्यावर येऊन पोचलं. यंत्रं उतरवल्याचा राग म्हणून तिकडच्यांनी आमचं माकूळ घेणं थांबवलं. मालात काहीतरी सापडलं म्हणाले. काय सापडलं ते सांगेनात. बोटी बांधून ठेवायची वेळ आली, आणि खलाशांना बसवून कोण ठेवणार? म्हणून बाबांसारखे तांडेल सुरमईसाठी नेहमीपेक्षा खूप लांब, खोल पाण्यात जायला लागले. दिल्लीने यंत्र बदललं ते बरोबरच होतं, मी अजूनही म्हणते. पण त्या बरोबरची किंमत बाबांच्या बोटीने भरली, हेही तितकंच खरं.

दसऱ्यानंतरची गोष्ट. बाबांना समुद्रावर निघून चार दिवस झाले होते. दुपारी वारा एकदम दक्षिणेचा झाला, वेधशाळेने किनाऱ्याला इशारा दिला, आणि एकेक बोट सुनेकडे हजेरी लावू लागली. पडद्यावर प्रत्येक बोटीपुढे एक ठिपका उमटतो. सगळं ठीक असेल तर हिरवा, अडचण असेल तर पिवळा, संकट असेल तर लाल. मी एकीकडे ठिपके बघत होते, एकीकडे वारा ऐकत होते.

सोनसाखळीचा आवाज आला. "रेश्मा, डिझेल भरपूर आहे. तू बघून घे." ठिपका हिरवा.

"बरं बाबा, लवकर या," मी म्हणाले आणि मोठा श्वास सोडला.

थोड्या वेळाने आई आली, पदराने तोंड पुसत. "बापूस काय बोलला?"

"डिझेल भरपूर आहे म्हणाले."

"एवढाच?"

"एवढंच."

"जेवलीस काय, नाय विचारला?"

मी मान हलवली. आई खाली बसली. "एवढा सांगायला बोलला? डिझेल भरपूर हाय म्हणून कोण सांगतो गो समुद्रावरून? आणि चार दिस झाले निघून, भरपूर कसा असल?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. शब्द कोणाच्या तोंडून आधी निघाला ते आठवत नाही. वाढला. बाबा म्हणाले असणार, डिझेल वाढला. बघ काय ता. म्हणजे मदतीचं काय ते बघ.

मी डब्यातून हाका मारत सुटले. सोनसाखळी गप्प. इंजिन बंद असेल तर बॅटरी वाचवायला डबा बंद ठेवतात, हे मला ठाऊक होतं. डिझेल नाही म्हणजे इंजिन नाही. इंजिन नाही म्हणजे बोटीचं तोंड लाटेला धरता येत नाही. सोनसाखळी आडवी पडणार आणि दक्षिणेच्या वाऱ्यात पहिली मोठी लाट तिला पालथी करणार. बोटीवर बाबा आणि पाच खलाशी.

उमाळे शेजारच्या खोलीत दिल्लीशी बोलत होते. त्याच आठवड्यात बऱ्याच देशांचे लोक सून बघायला येणार होते. आम्ही त्याला 'दाखवण्याचा कार्यक्रम' म्हणून चिडवायचो. ती त्यांच्या पसंतीस उतरली तर आपलं यंत्र परदेशी जाणार, तिकडच्यांना चांगली चपराक बसणार, आणि उमाळ्यांचं नाव होणार. अट एकच. तोवरच्या चाचणीत तिने संकटाचा निरोप एकदाही चुकवलेला नसावा.

मी दार न वाजवता आत गेले आणि सगळं एका दमात सांगितलं.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "पण मॅडम, मशीन हिरवं दाखवते आहे. खात्री पूर्ण दाखवते आहे."

"तिला शब्द कळलाच नाही तर शंका कुठून येणार? तिची खात्री काय घेऊन बसलात!"

"तटरक्षक दलाची बोट मागवायची तर मला मशीन चुकलं असं नोंदवावं लागेल." ते हळू बोलत होते. "आणि चुकलं नसेल तर? तुम्हाला मूळ शब्द ऐकू आलेला नाही. तुम्ही अंदाज करून राहिल्या."

"हो, अंदाजच आहे," मी म्हणाले.  "पण माझे बाबा बोटीवर 'संपलं' म्हणत नाहीत. कधीच नाही. जीव गेला तरी म्हणणार नाहीत, आणि आज तो जाईल, साहेब."

दारात आई उभी होती.  तिने दोन्ही हात छातीशी धरले आणि तिच्या बांगड्या वाजल्या.

उमाळे त्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमची माय बांगडी फुटली असं म्हणत नाही."

"मग काय म्हणते?" मी विचारलं.

"वाढवली म्हणते." आणि त्यांनी फोन उचलला.

पलीकडचा अधिकारी काय विचारत असेल ते इकडच्या उत्तरांवरून कळत होतं. हो, हिरवंच आहे. नाही, तांडेलाशी बोलणं झालेलं नाही. हो, मशीन चुकलं. "हो, लिहून देतो. माझ्या सहीने देतो. तुम्ही बोट सोडा, ही जागा घ्या." जागा सुनेने सांगितलेली. ती मात्र अचूक असणार याबद्दल आमच्यापैकी कोणालाच शंका नव्हती.

मग उमाळ्यांनी आणखी एक केलं. बोटीवरचा डबा बोललेलं सगळं जपून ठेवतो. सोनसाखळीचा डबा पुन्हा सुरू होईल त्या क्षणी त्यात साठलेला बाबांचा मूळ आवाज मागवायचा हुकूम त्यांनी यंत्राला दिला. मूळ आवाज त्या क्षीण लहरीवरून यायला बराच वेळ लागतो आणि तोवर बाकी बोटींना थांबावं लागतं. प्रत्येक बोटीला मी सांगितलं, जरा थांबा, हरेश्वर तांडेल अडचणीत आहेत. एकानेही कुरकुर केली नाही. वादळात घाईने घरी येणारी माणसं ती, पण सगळ्यांनी आपापले डबे गप्प केले.

डबा सुरू झाला. खोलीत खरखर भरली. तिच्यातून बाबांचा आवाज आला. सुनेने शिवलेला गुळगुळीत नाही, त्यांचा स्वतःचा, घोगरा, तुकड्या-तुकड्यांचा. "बाय... झेल वाढ... ला. ...घ काय ता." मग पुष्कळ खरखर, आणि शेवटी, सुनेने बिनकामाचं म्हणून गाळलेलं, "जेवलीस का..."

बॅटरी संपली. आई म्हणाली असती, वाढली. पण ती तेव्हा माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती.

दिवेलागणीला फोन आला. सोनसाखळी सापडली, सहाही माणसं सुखरूप. दुसऱ्या दिवशी सकाळी तटरक्षक दलाची बोट तिला ओढत बंदरात घेऊन आली. खलाशांनी जाळ्याचे तरंगते बोये आणि दोर बांधून समुद्रात सोडले होते, त्यांच्या ओढीने बोटीचं तोंड कसंबसं लाटेला धरून ठेवलं होतं. आणखी तासभर ते टिकलं नसतं, असं बाबांनी नंतर सांगितलं. टाकीला भोक पडून डिझेल समुद्रात गेलं होतं.

बाबा धक्क्यावर उतरले. मी गळ्यात पडले आणि मग भांडले. "संपलं म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?"

"वाढला म्हणून सांगितला नाय काय मी?"

"अहो, यंत्राला कळलं नाही ते!"

"यंत्राला कळत नाय म्हणून मी बोटीवर भलता बोलू काय?" बाबा म्हणाले. मग माझ्या मागे उभ्या असलेल्या उमाळ्यांकडे त्यांचं लक्ष गेलं. बाबांना कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी काय कळायचं ते कळलं असावं. ते पुढे झाले आणि उमाळ्यांच्या दोन्ही हातांवर आपले खारट हात ठेवले. "साहेब, जेवलात काय?"

उमाळे साहेबांनी तेव्हा चष्मा काढून बराच वेळ पुसला.

दाखवण्याचा कार्यक्रम अर्थातच मोडला. दिल्लीहून फोनवर फोन आले. एका वरिष्ठाने विचारलं म्हणे, एका गावठी शब्दासाठी देशाचं यंत्र नापास करता? उमाळ्यांनी त्याला काय उत्तर दिलं ते मला ठाऊक नाही. त्यांची बढती त्या वर्षी अडकली, एवढं ठाऊक आहे, आणि ते कळल्यावर आईने देवापुढे त्यांच्या नावाचा नारळ ठेवला.

त्यांनी मला एकच विचारलं, "जुनं मशीन या शब्दाचं काय करायचं?"

मी इल्माची रीत सांगितली. कळत नाही तिथे मध्ये यायचं नाही, माणसाचाच शब्द ऐकवायचा.

ते विचारात पडले. "परदेशी मशीनमधला एक कणही आपल्या मशीनमध्ये घ्यायचा नाही, असा नियम आहे."

"कण कुठे घेताय? रीत घ्या. तुम्हीच म्हणाला होतात, सुनेला रीत माहीत नाही."

ते हसायला लागले. "बरोबर आहे. रीतीवर जकात नाही लागत."

पुढचे दोन महिने बंदरावर सुनेची शिकवणी चालली. वाळवणावर मंडप घातला, सुनेचा एक डबा मधोमध ठेवला आणि बायकांनी तिला सगळं उलटं बोलणं शिकवलं. दिवा विझवत नाहीत, मालवतात. निघालेल्याला कुठे जातोस विचारत नाहीत. उमाळे शेजारी मांडी घालून बसायचे आणि मधूनच अकोल्याकडचे शब्द घालायचे. सून चुकली की बायका तिला टोमणे मारायच्या, बरोबर आलं की कौतुकही करायच्या. आणि मूळ शब्द ऐकवण्याची रीत तर तिने अशी उचलली की पुढच्या वर्षी परदेशी पाहुण्यांपुढे उमाळ्यांनी तीच आधी दाखवली. त्यांच्याकडेही उलटे शब्द असतात म्हणे. सून पसंत पडली.

आता त्याला दोन वर्षं होतील. दोन्ही सरकारांनी बसून काहीतरी मिटवलं, आणि आमचं माकूळ पुन्हा तिकडे जायला लागलं. यंत्रं मात्र ज्याची त्याने आपली ठेवायची, असं ठरलं. मी वायरलेसवर काम करते म्हणून मला तिकडच्या माणसाशी बोलायला परवानगी लागते. पुण्याला बदलून गेलेल्या उमाळ्यांनी ती खटपट करून मिळवून दिली. "त्यांना माझाही नमस्कार सांगा," ते म्हणाले. "भेटलो असतो तर भांडलो असतो, पण सांगा."

परवा दुपारी इल्माला फोन लागला. मराठीचा सराव सुटल्यामुळे ती तिच्या भाषेत बोलत होती आणि आता परदेशी भाषाही शिकलेली आमची सून मध्ये बसून मला तिचं म्हणणं मराठीत सांगत होती, स्वच्छ, शाळेतल्या बाईंच्या मराठीत. मी तिला बोटीची गोष्ट सांगितली. तिची रीत आता सुनेनेही उचलली आहे, बाबांचा शब्द बाबांच्याच आवाजात येतो, हे सांगितलं.  मला तिचे आभार मानायचे होते, पण आपल्यात घरच्या माणसाचे आभार मानले की तो परका होतो. तेव्हा मला जे सुचलं ते मी विचारलं.

"काय गो उर्मिला, जेवलीस काय?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. मग ती सुनेमार्फत म्हणाली, आता मला कामावर गेले पाहिजे, तुमच्या आईवडिलांना सांगा. आणि तिने आणखी काहीतरी म्हटलं. सून अडखळली. तिने वाक्य जुळवलं नाही. खोलीत जराशी खरखर झाली आणि तिच्यातून इल्माचा स्वतःचा आवाज आला, तुटका, लांबचा.

"येते."

आई माझ्या शेजारीच उभी होती. ती फोनजवळ वाकली आणि म्हणाली, "ये गो."